'अँजायना पेक्टोरिस' : एका शब्दाची चरित्रकथा

गेल्या अर्धशतकात जे इंग्रजी वैद्यकीय शब्द मराठी कुटुंबांत पाहुणे म्हणून आले आणि घरचेच होऊन राहिले, त्यांत 'ब्लडप्रेशर' आणि 'शुगर' यांच्या खालोखाल 'अँजायना' या शब्दाची गणना करावी लागेल. 'त्यांना अँजायना आहे' हे वाक्य ओसरीवर, कचेरीत वा वाचनालयाच्या वृत्तपत्रविभागात, कोठेही उच्चारले गेले तरी ऐकणाऱ्यास त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. अँजायना म्हणजे हृदयाचे दुखणे, इतके सर्वांस ठाऊक असते. मौज अशी, की या शब्दाच्या घडणीत हृदयाचा कोठे उल्लेखही नाही. 'अँजायना पेक्टोरिस' या संपूर्ण लॅटिन संज्ञेतील 'पेक्टोरिस' याचा अर्थ 'छातीचा', आणि 'अँजायना' याचा अर्थ 'गळा आवळला जाणे'. म्हणजे शब्दशः पाहिले तर 'छातीचा गळफास'. हृदयाचे नावही न घेणारी संज्ञा हृदयविकाराची सर्वांत परिचित संज्ञा कशी झाली, हा इतिहास शब्दकोशातील दोन ओळींत मावणारा नाही. शतकभर शब्दांची जपणूक करणाऱ्या ग्रंथालयाच्या स्मरणग्रंथात तो काहीशा विस्ताराने सांगणे अस्थानी ठरू नये.

मूळ अर्थ : घशाचा रोग

ग्रीक भाषेत 'अंखेइन' म्हणजे गळा आवळणे आणि 'अंखोने' म्हणजे गळफास. लॅटिन भाषेत याच कुळातील 'अंगेरे' हे क्रियापद आहे. दाबणे, आवळणे, आणि त्यावरून पीडा देणे, असा त्याचा अर्थविस्तार झाला. लॅटिन 'अंगिना' हा शब्द ग्रीक 'अंखोने'वरून आला असावा आणि 'अंगेरे'च्या सान्निध्यात त्याला त्याचे रूप लाभले असावे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

रोमन लोकांच्या लेखी 'अंगिना' हा हृदयाचा नव्हे, तर घशाचा रोग होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने लॅटिनमध्ये वैद्यकावर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात घसा सुजून श्वास कोंडणाऱ्या विकारासाठी हाच शब्द आला आहे. ग्रीकांनी अशाच विकाराला 'किनांखे' असे नाव दिले होते. 'किओन' म्हणजे कुत्रा. तेव्हा या नावाचा शब्दार्थ 'कुत्र्याचा गळा आवळणे' असा होतो. हाच शब्द जुन्या फ्रेंचमधून झिजत झिजत इंग्रजीत 'क्विन्झी' झाला, आणि टॉन्सिलच्या भोवती पू होण्याच्या विकाराला तो आजही लावला जातो.

घशाशी असलेले हे नाते पुरते तुटलेले नाही. फ्रेंच माणूस नुसते 'आंजिन' म्हणाला तर त्याचा घसा सुजला आहे असे समजावे. हृदयाविषयी बोलायचे तर त्याला 'आंजिन द प्वात्रीन', म्हणजे 'छातीचा आंजिन', असे स्पष्ट म्हणावे लागते. स्पॅनिश बोलीत या शब्दाचे अनेकवचन टॉन्सिलसाठी वापरतात. जिभेखालच्या भागात होणाऱ्या एका घातक संसर्गाचे वर्णन १८३६ मध्ये लुडविग या जर्मन वैद्याने केले. त्यालाही वैद्यकात 'लुडविगचा अँजायना' असेच म्हणतात. या साऱ्या कुटुंबातील एकच शाखा गळ्यातून खाली उतरून छातीत स्थायिक झाली. ती कोणी आणि केव्हा उतरविली, याची तारीखही उपलब्ध आहे.

२१ जुलै १७६८

त्या दिवशी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये डॉ. विल्यम हेबर्डन यांनी छातीच्या एका विकारावर निबंध वाचला. तो १७७२ मध्ये त्या संस्थेच्या वैद्यकीय निबंधसंग्रहात छापून प्रसिद्ध झाला. हेबर्डन यांचा जन्म १७१० चा. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले, आणि ग्रीक व लॅटिन या दोन्ही भाषांवर त्यांचे असाधारण प्रभुत्व होते. १७५५ मध्ये इंग्रजीचा प्रख्यात शब्दकोश प्रसिद्ध करणारे डॉ. सॅम्युएल जॉन्सन हे त्यांचे रुग्ण होते. विद्वान वैद्यांच्या परंपरेतील हे अखेरचे, अशा आशयाच्या शब्दांत जॉन्सन यांनी हेबर्डन यांचा गौरव केला होता. रुग्णाच्या उशाशी बसून टिपणे करावयाची, ती पुन्हा पुन्हा ताडून पाहावयाची आणि त्यांतून जे निश्चित हाती लागेल तेवढेच लिहावयाचे, ही त्यांची आयुष्यभराची रीत होती.

निबंधात त्यांनी जे वर्णन केले, त्यात आजच्या डॉक्टरासही फारसे काही बदलावे लागणार नाही. हा विकार चालताना, विशेषतः चढ चढताना आणि जेवणानंतर लवकरच चालू लागल्यास, माणसाला गाठतो. छातीत अशी काही विलक्षण अस्वस्थ करणारी संवेदना होते, की ती वाढली वा टिकली तर प्राण जाईल असे वाटते. पण पाऊल थांबताच ती नाहीशी होते. पुष्कळदा ती डाव्या बाहूपर्यंत पसरते. पुढे आयुष्याच्या अखेरीस हेबर्डन यांनी आपल्या अनुभवाचे जे सार लिहून ठेवले, त्यात असे सुमारे शंभर रुग्ण पाहिल्याची नोंद आहे. त्यांपैकी तीन स्त्रिया आणि सुमारे बारा वर्षांचा एक मुलगा वगळता बाकी सर्व पन्नाशीच्या आसपासचे वा पन्नाशी उलटलेले पुरुष होते. एक रुग्ण रोज अर्धा तास लाकूड करवतण्याचे काम करू लागला आणि जवळजवळ बरा झाला, असेही त्यांनी लिहिले आहे. हृदयरोग्याला बेताच्या व्यायामाचा लाभ होतो हे तत्त्व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वमान्य झाले. त्याची ही पहिली पुसट खूण म्हणता येईल.

मात्र हा रोग मुळात कशामुळे होतो, हे हेबर्डन यांना कळलेले नव्हते. झटक्याच्या वेळी नाडी फारशी बिघडत नाही, हे पाहून त्यांनी काही तर्क केले; पण ते तर्क त्यांनी नावात येऊ दिले नाहीत. विकाराची जागा, गळा आवळल्याची भावना आणि तिच्यासवे येणारी घाबर, या तीन गोष्टी ध्यानात घेता याला 'छातीचा अँजायना' म्हणणे गैर होणार नाही, इतक्या संकोचाने त्यांनी नाव सुचविले. अँजायना हा घशाचा रोग आहे, हे त्यांच्यासारख्या लॅटिन पंडिताला कोणी सांगण्याची गरज नव्हती. म्हणूनच त्यांनी 'छातीचा' हे विशेषण जोडले. त्यांनी रोगाच्या कारणाला नाव दिले नाही. रुग्णाला जे वाटते त्याला दिले. या शब्दाचे पुढील सारे भवितव्य या एका निवडीत साठविलेले होते.

निनावी पत्र आणि खडखडणारी सुरी

हेबर्डन यांच्या निबंधाचा सारांश एका नियतकालिकात आला आणि तो ५२ वर्षांच्या एका गृहस्थाच्या वाचनात आला. आपलेच दुखणे तेथे छापलेले पाहून त्याने एप्रिल १७७२ मध्ये हेबर्डन यांना पत्र लिहिले. पत्राखाली नाव नव्हते. आपल्याला काय होते हे त्याने त्यात सविस्तर लिहिले, आणि आपल्यास अकस्मात मृत्यू आल्यास शवविच्छेदन करून कारण शोधावे, अशी इच्छा व्यक्त केली. सुमारे तीन आठवड्यांत तो खरोखरच वारला. विच्छेदन जॉन हंटर या त्या काळच्या श्रेष्ठ शल्यविशारदाने केले. तरुण एडवर्ड जेन्नर त्या वेळी त्यांचे शिष्य होते. मृत्यूचे समाधानकारक कारण सापडले नाही. हृदयालाच रक्त पुरविणाऱ्या, मुकुटासारखा वेढा घालतात म्हणून 'कॉरोनरी' म्हटल्या जाणाऱ्या धमन्या उघडून पाहण्याचे कोणाला सुचले नाही. उत्तर समोर टेबलावर असूनही ते हुकले.

पुढे देवीची लस शोधून जगप्रसिद्ध झालेल्या जेन्नर यांच्याच हाती ते लागले. अशाच एका रुग्णाच्या हृदयाचा छेद घेताना त्यांची सुरी कठीण, खरखरीत अशा कशावर तरी अडखळली. इमारत जुनी होती; छताचा गिलावा खाली पडला असावा, असे वाटून त्यांनी वर पाहिले. गिलावा पडलेला नव्हता. हृदयाच्या धमन्याच हाडासारख्या टणक झालेल्या होत्या.

जेन्नर यांना धागा सापडला, पण त्यांनी तो पुष्कळ काळ जाहीर केला नाही. याचे कारण शास्त्रीय नव्हते. १७७३ पासून त्यांच्या गुरूंना, म्हणजे हंटर यांनाच, असे झटके येऊ लागले होते. शोध जाहीर करणे म्हणजे गुरूच्या हाती मृत्युपत्र देणे, या विचाराने शिष्य गप्प राहिला. हंटर यांचा स्वभाव तापट, आणि संतापाने झटका येतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आपले प्राण आपल्याला चिडविणाऱ्या कोणाही नतद्रष्टाच्या हाती आहेत, असे ते म्हणत. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातील एका बैठकीत वादावादी झाली. हंटर उठून लगतच्या खोलीत गेले आणि तेथेच कोसळले. त्यांच्या शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्या टणक झालेल्या आढळल्या.

जेन्नर यांचे बालमित्र आणि बाथ येथील वैद्य केलेब पॅरी यांनी १७९९ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि जेन्नर यांचे निरीक्षण त्यात समाविष्ट केले. हृदयाच्या धमन्या आणि हा विकार यांचा संबंध त्यामुळे वैद्यकविश्वापुढे ठामपणे आला.

प्रतिस्पर्धी नावे

कारण सापडल्यावर नाव बदलणे साहजिक होते आणि तसे प्रयत्न झालेही. पॅरी यांनी 'सिंकोपी अँजायनोसा', म्हणजे 'आवळणुकीची मूर्च्छा', असे नवे नाव सुचविले. त्यांच्या आधी १७९१ मध्ये विल्यम बटर या वैद्याने हा विकार श्वासपटलाचा संधिवात आहे असे प्रतिपादन करून तसे नाव दिले होते. उरोस्थीचे दुखणे या अर्थी 'स्टर्नाल्जिया' हे नाव निघाले. 'अरुंद हृदय' या अर्थी 'स्टेनोकार्डिया' हे नाव निघाले. यांपैकी शेवटचे काही युरोपीय भाषांत, विशेषतः रशियनमध्ये, टिकून राहिले. इतर नावे आज केवळ वैद्यकाच्या इतिहासात आढळतात.

पॅरी यांच्या ग्रंथाचे शीर्षकच या बाबतीत बोलके आहे. स्वतः बनविलेले नवे नाव लिहून त्यापुढे 'ज्याला सामान्यतः अँजायना पेक्टोरिस म्हणतात' असा खुलासा त्यांना शीर्षकातच जोडावा लागला. निबंध छापला गेल्यापासून अवघ्या २७ वर्षांत हेबर्डन यांचे नाव इतके रूढ झाले होते, की त्याला हटवू पाहणाऱ्यालाही त्याचाच आधार घ्यावा लागला.

याचे कारण शोधणे कठीण नाही. संधिवाताच्या नावात एक उपपत्ती होती. ती खोटी ठरताच नावही खोटे ठरले. मूर्च्छेच्या नावात एक लक्षण गृहीत होते. ते बहुतेक रुग्णांत आढळत नाही. हेबर्डन यांच्या नावात मात्र कोणतीच उपपत्ती नव्हती. चढ चढताना थांबून छातीवर हात ठेवणाऱ्या माणसाची साक्ष तेवढी त्यात होती, आणि ती साक्ष १७६८ मध्ये जेवढी खरी होती तेवढीच आजही आहे. रोगाविषयीचे ज्ञान वाढत गेले तरी त्या नावाला धक्का लागला नाही. १८६७ मध्ये एडिंबरो येथे लॉडर ब्रंटन यांनी ॲमिल नायट्राइटच्या हुंगण्याने झटका शमतो हे दाखविले. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरीनचा उपयोग पुढे आणला. सुरुंगाची दारू करून धनाढ्य झालेल्या आल्फ्रेड नोबेल यांना १८९६ मध्ये, मृत्यूच्या थोडे दिवस आधी, हेच नायट्रोग्लिसरीन औषध म्हणून देण्यात आले, आणि या दैवगतीचे त्यांनाही नवल वाटले. औषधे बदलली, यंत्रे आली; डॉक्टरांच्या कागदावरील नाव मात्र तेच राहिले.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. 'अँजायना', 'अँजिओग्राफी' आणि 'अँजिओप्लास्टी' हे तीन शब्द एकाच रुग्णाच्या वाट्याला एकामागून एक येतात. त्यामुळे ते एकाच धातूचे असावेत असे वाटते. तसे ते नाहीत. पुढच्या दोन शब्दांतील 'अँजिओ' हा घटक ग्रीक 'अंगेइऑन', म्हणजे भांडे किंवा पात्र, यावरून आला. शरीरात त्याचा अर्थ रक्तवाहिनी असा होतो. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे हृदयाच्या धमनीत फुगा फुगवून ती प्रथम रुंद केली, तेव्हा हे दोन निराळे शब्दवंश एकाच व्याधीच्या निमित्ताने एकत्र आले, इतकेच.

अंहस्, संकट आणि साकडे

'अंगेरे'चे कुळ युरोपात थांबत नाही. इंग्रजी 'अँग्विश' आणि 'अँक्झायटी', जर्मन 'आंग्स्ट', इतकेच नव्हे तर राग या अर्थीचा 'अँगर' ही सारी त्याच कुळातील अपत्ये आहेत. रागाच्या भरात अँजायनाने गेलेल्या हंटर यांच्या मृत्यूत दोन सख्खे शब्द भेटले, असे म्हणावयास हरकत नाही. या कुळाची भारतीय शाखा ऋग्वेदात आढळते. तेथील 'अंहस्' या शब्दाचा मूळ भाव अरुंदपणा, कोंडी असा असून त्यावरून पीडा आणि पुढे पाप असे अर्थ निघाले.

'अंहस्' आज मराठीच्या व्यवहारात नाही. पण त्यामागची कल्पना मराठीने सोडलेली नाही. 'संकट' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ 'अरुंद, चिंचोळे' हाच आहे. त्याचे प्राकृतातून आलेले रूप म्हणजे 'सांकडे'. जुन्या मराठीत 'सांकडा' म्हणजे अरुंद. आणि आपण देवाला 'साकडे घालतो' तेव्हा त्यालाच अडचणीच्या बोळात गाठीत असतो. फारसीतून आलेल्या 'तंग'वरून 'तंगी' झाली, तीही याच वाटेने. जागा आकसली की जीव कोंडतो, आणि जीव कोंडला की भीती वाटते, हा अनुभव ग्रीक, रोमन, वैदिक आणि मराठी माणसाने आपापल्या भाषेत एकाच प्रतिमेने सांगितला आहे.

आपल्या वैद्यकीय परिभाषेने मात्र दुसरी प्रतिमा निवडली. आयुर्वेदातील 'हृच्छूल' हा शब्द 'शूल' या आयुधावरून घडला. अंगात खिळा वा खुंटी ठोकल्यासारखी तीव्र वेदना होते, म्हणून 'शूल' म्हणावयाचे, अशी उपपत्ती सुश्रुतसंहितेने दिली आहे. 'अँजायना'साठी 'हृच्छूल' वा 'हृदयशूल' हे प्रतिशब्द मराठीत याच परंपरेतून आले. शब्द म्हणून ते सुबक आहेत. परंतु शूल टोचतो आणि फास आवळतो. हा भेद केवळ अलंकाराचा नाही.

हृदयाला रक्त अपुरे पडते तेव्हा पुष्कळ रुग्णांना टोचल्यासारखे वाटतच नाही. त्यांना छातीवर ओझे ठेवल्यासारखे, पट्टा आवळल्यासारखे, जीव घाबरा झाल्यासारखे वाटते. कित्येकांना ते छातीपेक्षा गळ्यात वा जबड्यात अधिक जाणवते. अशा माणसाला 'छातीत दुखते का?' असे विचारले, तर तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो. 'दुखत नाही, नुसते दाटून येते', 'दम कोंडतो', 'छाती दडपल्यासारखी होते' अशी त्याची भाषा असते. घरची माणसे ती ऐकतात, दुखत नाही यावर निश्चिंत होतात, आणि गॅस झाला असेल म्हणून ओवा पुढे करतात. त्यात जो वेळ जातो, तो कधी कधी परत मिळत नाही.

हेबर्डन यांच्या इंग्रज रुग्णांनीही नेमके हेच सांगितले होते. त्यांच्या बोलण्याला 'वेदना' या सोयीच्या शब्दात न कोंबता हेबर्डन यांनी ते जसेच्या तसे नावात उतरविले. आवळणे आणि घाबरणे हे दोन्ही भाव त्या एका प्राचीन धातूत आधीपासूनच होते, हे त्यांच्यातील लॅटिन पंडिताने ओळखले असले पाहिजे. परिभाषा घडविणाऱ्यांनी यातून जो बोध घ्यावयाचा तो ते घेतील. सामान्य वाचकाने इतके लक्षात ठेवले तरी पुरे, की घरातील वडीलधारे माणूस जिना चढता चढता थांबले आणि 'दुखत नाही रे, जरा आवळल्यासारखे होते' असे म्हणाले, तर त्यांनी नकळत त्या शब्दाचे अचूक मराठी भाषांतर केलेले असते. अशा वेळी कोश उघडण्याची गरज नसते. त्यांना तेथेच बसवून विनाविलंब डॉक्टरांकडे नेण्याची असते.